ठाणे खाडीचे अभयारण्य आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक

महाराष्ट्राच्या सागरी जिल्ह्यांत निसर्गप्रेमी पर्यटकांना आकृष्ट करणारी स्थळे अनेक आहेत. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ, रायगड जिल्ह्यातील फणसाडचे किनारी अरण्य, वेंगुर्ल्याच्या खाड्यांतील कांदळवने ही त्यांपैकी काही ठळक नावे होत. तथापि कोट्यवधी लोकवस्तीच्या महानगराला अगदी खेटून असलेले, लोकलगाडीच्या खिडकीतूनही ज्याचे ओझरते दर्शन घडते असे अभयारण्य राज्यात एकच आहे. ते म्हणजे ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य. फ्लेमिंगोला मराठीत ‘रोहित’ किंवा ‘अग्निपंख’ म्हणतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हजारोंच्या संख्येने उतरणारे हे गुलाबी पाहुणे पाहण्यासाठी दरवर्षी असंख्य नागरिक खाडीकाठी येतात. त्यांतील काहींना डोळ्यांचे पारणे फिटेल असे दृश्य दिसते, तर काहींना दूरवरच्या चिखलावर एक फिकट गुलाबी रेघ तेवढी दिसते. हा फरक नशिबाचा नसून वेळेचा असतो. खाडीतील सारे जीवन भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. ते वेळापत्रक वाचता आले, तर पाहणाऱ्याला अधिक दिसते आणि पक्ष्यांना त्याचा उपद्रवही कमी होतो.

खाडीची रचना

मुंबई बेट व साष्टी यांना पूर्वेकडील मुख्य भूमीपासून वेगळे करणारी ठाण्याची खाडी सुमारे सव्वीस किलोमीटर लांब आहे. उत्तरेस ठाणे शहराजवळ ती एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे; दक्षिणेस ती रुंदावत जाऊन मुंबई बंदरात विलीन होते. पश्चिमेस मुंबई, पूर्वेस नवी मुंबई आणि मध्ये हे उथळ पाणी, अशी ही रचना होय. नद्यानाल्यांबरोबर येणारा बारीक गाळ खाडीच्या संथ भागात साचतो. ओहोटीच्या वेळी त्याचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. या चिखलपट्ट्यांच्या काठाने कांदळवनांची हिरवी किनार आहे.

येथील कांदळवनात तिवराचे झाड सर्वाधिक आढळते. खाऱ्या, प्राणवायूविरहित चिखलात मुळांना श्वास घेता यावा म्हणून तिवराची बोटभर जाडीची श्वसनमुळे जमिनीतून वर डोकावतात. शोषलेल्या पाण्यातील जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. दुपारच्या उन्हात तिवराच्या पानावर मिठाचे कण चमकताना दिसतात, ते यामुळेच. गळलेली पाने कुजून चिखलाला खाद्य पुरवितात. त्यावर कृमी, शिंपले, खेकडे आणि कोळंबीची पिल्ले पोसली जातात. बोय, जिताडा यांसारख्या माशांची पिल्ले या मुळांच्या आश्रयाने वाढतात. चिखलावर उड्या मारीत चालणारी निवटी, एक नांगी मोठी असलेला चिमुकला खेकडा आणि संध्याकाळी क्वचित दर्शन देणारा कोल्हा हे या वनाचे कायमचे रहिवासी होत.

संरक्षणाची वाटचाल

एके काळी कांदळवन म्हणजे डासांचे आगर आणि भराव घालण्यास सोयीची पडीक जागा, असा समज सार्वत्रिक होता. तो बदलण्यास बराच काळ जावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिलेल्या आदेशाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीस व त्यांवरील भरावास प्रतिबंध झाला. २०१८ च्या अंतिम निकालाने त्या संरक्षणाला अधिक बळकटी आली. दरम्यान २०१२ मध्ये वन विभागांतर्गत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन करण्यात आला.

ऑगस्ट २०१५ मध्ये ऐरोली पूल व वाशी पूल यांच्या दरम्यानचा खाडीचा भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर लगतचे जलक्षेत्र आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यानंतरचे या स्वरूपाचे हे राज्यातील दुसरे अभयारण्य होय. २०२१ मध्ये त्याच्या सभोवतालचे सुमारे ४८ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाले. पुढील वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, हे दोन्ही मिळून ६,५२१ हेक्टर क्षेत्राचा समावेश ‘रामसर’ यादीत करण्यात आला. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी ठेवली जाते. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्या पाठोपाठ हा मान मिळविणारे ठाणे खाडी हे राज्यातील तिसरे स्थळ ठरले.

पाहुण्यांची ओळख

खाडीत रोहितांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंचीने सव्वा ते दीड मीटर भरतो. त्याचा रंग पांढुरका असून त्यावर गुलाबी झाक असते. चोच गुलाबी व टोकाशी काळी असते. छोटा रोहित सुमारे ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर उंच, रंगाने अधिक गडद आणि चोचीने काळपट लाल असतो. खाडीत संख्येने हाच अधिक आढळतो. थव्यात जे मळकट राखी पक्षी दिसतात, ती वेगळी जात नसून दोन्ही जातींची अल्पवयीन पिल्ले होत. रोहितांचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. त्यांच्या आहारातील शैवाल व सूक्ष्म जीव यांच्यातील रंगद्रव्ये शरीरात साठून तो हळूहळू चढतो.

खाण्याची रीतही विलक्षण आहे. रोहित मान खाली घालून चोच उलटी करतो. पंपाप्रमाणे मागेपुढे होणारी जीभ पाणी आत ओढते व बाहेर टाकते. चोचीच्या कडांवरील गाळणीत अन्न तेवढे अडकते. छोट्या रोहिताची गाळणी बारीक असल्याने तो मुख्यत्वे सूक्ष्म शैवालावर जगतो, तर मोठा रोहित लहान कवचधारी प्राणी, कृमी व अळ्याही टिपतो. त्यामुळे एकाच पाण्यात दोघांचा निर्वाह होतो.

हे पक्षी खाडीत घरटी करीत नाहीत. त्यांची मोठी विणीची वसाहत कच्छच्या रणात आहे. साधारणतः नोव्हेंबरच्या सुमारास त्यांचे थवे खाडीत येऊ लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ते मोठ्या संख्येने दिसू लागले ते गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात. आता ऐन हंगामात त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग काढणारी उपकरणे बसविली. या पक्ष्यांचा गुजरातशी असलेला संबंध त्यातून प्रत्यक्ष नोंदला गेला.

रोहितांच्या दिमाखापुढे इतर पाहुण्यांकडे दुर्लक्ष होते, हे मात्र योग्य नव्हे. तुतवार, टिलवे, चिखल्या, पाणटिवळे, वर वळलेल्या चोचीचे उचाट असे कित्येक चिखलपक्षी मध्य आशिया व सायबेरियापासून हजारो किलोमीटर उडून येथे हिवाळा काढतात. त्यांच्या जोडीला बगळे, चित्रबलाक, शराटी, खंड्या, कुरव आणि सुरय असतात. खाडीत एकूण दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

तिथीवरून भरती

आता या साऱ्यांच्या दिनक्रमाकडे वळू. चिखलपट्टा उघडा पडला, की पक्ष्यांची पंगत बसते. तो बुडाला, की उठते. पाणी चढू लागले म्हणजे बुडत्या चिखलाबरोबर पक्षी पावलापावलाने काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या वेळी उभे राहण्यास जागा न उरल्याने ते खाडीलगतच्या उथळ तळ्यांकडे व पाणथळींकडे विश्रांतीसाठी उडून जातात. पाणी उतरू लागताच पुन्हा परततात. हे चक्र दिवसा व रात्रीही चालू असते. यावरून काठावरच्या निरीक्षकासाठी एक साधा निष्कर्ष निघतो. पूर्ण ओहोटीच्या वेळी पक्षी फार दूर असतात, पूर्ण भरतीच्या वेळी ते बहुधा नसतातच. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, हाच दर्शनाचा खरा काळ होय.

भरती नेमकी केव्हा, हे सांगणारा एक सोपा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणून चतुर्थीस पूर्ण भरती तीनच्या सुमारास. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, आणि भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान लागते. एका भरतीनंतर सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी दुसरी भरती येते, आणि दोहोंच्या मध्ये सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. तिथीच्या हिशेबात हेच तत्त्व सामावलेले आहे.

या हिशेबावरून सहलीचा दिवस ठरविता येतो. सकाळी पक्षी पाहावयाचे असतील, तर दशमी ते त्रयोदशी हे दिवस सोयीचे. कारण तेव्हा पूर्ण भरती साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान असते. दुपार उलटल्यावर यावयाचे असल्यास चतुर्थी ते षष्ठी हे दिवस निवडावेत. त्या दिवसांतील दुसरी भरती साडेतीन ते पाचच्या दरम्यान येते. सुट्टीचा रविवार अष्टमीला आला, तर सकाळी दहाला काठावर पोहोचणाऱ्याच्या वाट्याला उतरते पाणी आणि लांब गेलेले थवे येणार, हे आधीच समजून असावे.

भरतीच्या वेळेबरोबर तिची उंचीही लक्षात घ्यावी लागते. अमावास्या व पौर्णिमा आणि त्यांच्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. त्या वेळी पाणी खूप चढते व तितकेच खाली जाते. मुंबई बंदरात उधाणाची भरती कधीकधी साडेचार मीटरांच्याही वर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा चढउतार मर्यादित राहतो. उधाणाच्या दिवशी पाणी इतक्या वेगाने चढते की काठावर पक्ष्यांची गर्दी होते, पण ते लवकर उडूनही जातात. हा सारा हिशेब अंदाजाचा आहे, हे विसरता कामा नये. वारा व खाडीचा आकार यांमुळे त्यात फरक पडतो, आणि खाडीच्या आतल्या टोकाला भरती बंदरापेक्षा काहीशी उशिरा पोहोचते. म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्याशी वेळ पडताळून घ्यावी.

पाहावे कोठून व कसे

अभयारण्यास भेट देण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे ऐरोली येथे वन विभागाने २०१७ साली सुरू केलेले किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. कांदळवने, मासे, खेकडे आणि पक्षी यांची माहिती देणारी तेथील प्रदर्शने पाहून मग खाडीकडे जाणे श्रेयस्कर. केंद्राच्या धक्क्यावरून निघणाऱ्या नौकांची वेळही भरतीवरच अवलंबून असते. पाणी पुरेसे नसेल, तर नौका धक्क्यापासून हलूच शकत नाही. म्हणून फेरीची वेळ आधी विचारून जागा निश्चित करणे आवश्यक ठरते. मुंबईच्या बाजूने शिवडी येथील किनाऱ्यावरूनही रोहितांचे दर्शन घडते. शिवडीचा चिखलपट्टा अभयारण्याच्या हद्दीबाहेर असला, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने ती एकाच खाडीची दोन अंगणे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू याच पट्ट्यावरून जातो. त्याच्या खाडीवरील भागात ध्वनिरोधक बसविण्यात आले आहेत.

सोबत दुर्बीण, टोपी, पिण्याचे पाणी आणि एक छोटी वही असावी. फिकट, मळखाऊ रंगाचे कपडे घालावेत. चिखलात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वरून घट्ट भासणारा हा चिखल माणसाला कमरेपर्यंत गिळू शकतो, आणि अशा वेळी चढती भरती प्राणघातक ठरते.

उडविलेल्या थव्याची किंमत

कित्येकदा छायाचित्रात उडता थवा यावा म्हणून टाळ्या वाजविणे, दगड भिरकावणे किंवा नौका मुद्दाम जवळ नेण्याचा आग्रह धरणे, असे प्रकार घडतात. आकाशात पसरलेले किरमिजी-काळे पंख पाहून क्षणभर आनंद होतो, हे खरे. परंतु पक्ष्याच्या बाजूने विचार करता चित्र निराळे दिसते. चिखल उघडा असण्याचे तास मोजके आहेत. त्या तासांत त्याला रोजचे पोट भरावयाचे असते आणि पुढील प्रवासासाठी चरबीही साठवावयाची असते. प्रत्येक अकारण उड्डाणात खाण्याची मिनिटे वाया जातात आणि साठविलेली शक्तीही खर्च होते. मार्च-एप्रिलमध्ये, हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासाची तयारी करणाऱ्या टिलव्यासारख्या चिमणीएवढ्या पक्ष्याला हा तोटा फार जाणवतो.

म्हणून नौका दूर थांबविण्याचा नावाड्याचा निर्णय पर्यटकांनी मान्य करावा. पक्ष्यांनी माना उंचावून एका दिशेने चालावयास आरंभ केला, म्हणजे अंतर कमी झाले असे समजावे आणि मागे सरावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे. ड्रोन उडविणे, खाद्य टाकणे, कचरा फेकणे या गोष्टी सर्वथा वर्ज्य होत.

सीमेबाहेरचा निवारा

पर्यटकाच्या शिस्तीने एक प्रश्न सुटतो. दुसरा मात्र त्याहून मोठा आहे. पूर्ण भरतीच्या वेळी पक्षी ज्या पाणथळींचा आश्रय घेतात, त्यांपैकी अनेक अभयारण्याच्या सीमेबाहेर, विशेषतः नवी मुंबईच्या किनाऱ्यावर आहेत. खाडीतील चिखल हे त्यांचे भोजनगृह मानले, तर या पाणथळी म्हणजे त्यांची झोपण्याची खोली होय. एकाचे रक्षण करून दुसरी बंद केली, तर घर राहण्याजोगे उरत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्याने याची कठोर जाणीव करून दिली. नेरूळ येथील सुमारे तीस एकरांच्या एका तळ्यात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग अडले, तळे आटले आणि काही रोहित मृत्यू पावले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर एका विमानाची थव्याशी धडक होऊन ३९ रोहित मृत्युमुखी पडले. विश्रांतीच्या जागा कमी झाल्या, तर थव्यांना नव्या जागांच्या शोधात नगराच्या आकाशात अधिक भटकावे लागेल, ही भीती पक्षितज्ज्ञांनी वारंवार व्यक्त केली आहे. नेरूळचे हे तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्याच्या प्रस्तावास राज्य वन्यजीव मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली. तळ्यात येणाजाणारे भरतीचे पाणी निर्वेध राहिले, तरच अशा निर्णयाचा हेतू सफल होतो.

खाडीच्या पाण्याचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा आहे. शहरांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे शैवाल वाढते आणि छोट्या रोहितांना मुबलक अन्न मिळते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. परंतु याचा अर्थ प्रदूषण हितकर आहे असा कोणी काढू नये. त्याच पाण्यात विषारी द्रव्ये व प्लास्टिकही येते, आणि खाडीतील मासळी घटली की कोळ्याच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. शैवालावर जगणाऱ्या पक्ष्याची भरभराट ही खाडीच्या प्रकृतीची एकमेव खूण मानता येत नाही. बोय, जिताडा आणि निवटी यांचीही विचारपूस केली पाहिजे.

वहीचे महत्त्व

या कामी सामान्य पर्यटकाचा हातभार लहान असला, तरी उपयुक्त असतो. प्रत्येक भेटीत दिनांक, तिथी, भरतीची वेळ, जागा आणि दिसलेले पक्षी एवढ्या पाच गोष्टी वहीत नोंदविल्या, तरी काही वर्षांत त्या नोंदींना मोल येते. कोणत्या तळ्यावर भरतीच्या वेळी पक्षी बसत होते आणि कोणत्या वर्षापासून बसेनासे झाले, हे अशा नोंदींवरूनच दाखविता येते. खाडीकाठच्या शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून महिनाभर तिथीची पाऊणपट करवून घ्यावी आणि ती प्रत्यक्ष भरतीशी पडताळून पाहण्यास सांगावे. भूगोल, गणित आणि पक्षिशास्त्र यांचा एकत्र पाठ त्यातून मिळेल. भरतीच्या वेळी आपल्या गावाजवळच्या तळ्यावर कोणते पक्षी उतरतात हे ज्या मुलाने स्वतः मोजले आहे, त्याला त्या तळ्याची वाट बुजली तर ती सर्वांत आधी लक्षात येईल.